पुढचे दाते, मागचे दाते

दोस्तांनो, आज एक गणित घालतो. घाबरू नका, भागाकार येत असला की पुरे!

समजा, दोन मावसबहिणी आहेत. एक सांगलीची, दुसरी साताऱ्याची. दोघींच्या सायकली अगदी एकसारख्या. सांगलीची ताई मिरजेच्या रस्त्याला लागली की गप्पा मारत, घंटी वाजवत मजेत जाते. सातारची ताई मात्र पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चढताना अर्ध्यातच खाली उतरते आणि सायकल ढकलत नेते. घरी आल्यावर ऐकावं लागतं, "अंगात ताकदच नाही तुझ्या! दूध पीत जा." तीही बिचारी तसंच समजून बसते.

आता सांगा, दोष कुणाचा? ताईच्या पायांचा की सायकलच्या दात्यांचा?

सायकलला दोन दातेरी चकत्या असतात. पायडलजवळची मोठी, तिला चेनव्हील म्हणतात. मागच्या चाकाची लहान, ती फ्रीव्हील. दोघींना साखळी जोडते. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीला पुढे बहुधा ४४ किंवा ४८ आणि मागे १८ दाते असतात. पुढे ४४ धरू. ४४ भागिले १८ म्हणजे साधारण २.४४. पायडल एकदा फिरलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. २८ इंची चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते.

सपाट रस्त्यावर हे झकास. मिनिटाला साठ वेळा पायडल फिरवलं, तर ताशी वीस किलोमीटरच्या जवळपास वेग मिळतो. पण चढ आला की तेच साडेपाच मीटर अंगावर येतात. समजा, चढ पंधराला एक आहे, म्हणजे पंधरा मीटर गेलं की एक मीटर वर. ताई आणि सायकल मिळून वजन ६० किलो. वारा आणि घर्षण सोडून दिलं, तरी ताईला पायडलवर सरासरी वीस किलोचा जोर सतत लावत राहावा लागेल. वीस किलोची गोणी उचलून बघा, म्हणजे कळेल!

आता मागची १८ दात्यांची चकती काढून २२ ची बसवू. ४४ भागिले २२ बरोबर २. आता एका फेऱ्यात साडेचार मीटरच अंतर जाईल, पण जोर लागेल साधारण साडेसोळा किलोचा. किलोमीटरला आधी १८३ फेरे लागायचे, आता २२४ लागतील. म्हणजे काम तेवढंच राहिलं, फक्त हप्ते वाढले. वाण्याची मोठी उधारी एकदम फेडता येत नाही, पण थोडी थोडी फेडता येते, तसंच हे.

मग सांगलीच्या ताईनंही २२ ची चकती बसवावी का? मुळीच नको. सपाटीवर तिचे पाय गरगर फिरतील आणि तेवढ्याच फेऱ्यांत वेग मात्र ताशी सोळावर येईल. "जास्त दाते म्हणजे भारी सायकल" असं काही नसतं. कुठली चकती चांगली हे रस्ता ठरवतो.

ही साखळीची युक्ती तशी फार जुनी नाही. पूर्वीच्या उंच सायकलींचं पायडल थेट पुढच्या चाकालाच असायचं. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाकच मोठं करा! आपल्या ४४-१८ च्या सायकलीइतकं अंतर एका फेऱ्यात कापायला चाक पाच फूट आठ इंच उंच लागलं असतं. ताईपेक्षाही उंच! १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल आणली. दोन्ही चाकं बेताची आणि मागच्या चाकाला साखळी. आजची सायकल तिचीच नात.

आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, आपल्या बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. तेच लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे लोखंडी नांगर करू लागले. औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना जागा दिली आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. सायकलच्या दुकानातून निघालेली वाट कारखान्यापर्यंत गेली ती अशी.

आता वाळूकडे येऊ. कोकणात काशीद, नागावच्या किनाऱ्यावर चार जाड चाकांच्या मोटारसायकली तुम्ही पाहिल्या असतील. परदेशात वाळूच्या टेकड्यांवर अशा गाड्यांच्या शर्यती होतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना साखळी असते, पण दाते उलटे! पुढे लहान चकती आणि मागे मोठी. समजा, पुढे १४ आणि मागे ३८. असं का बरं? कारण आपले पाय सावकाश पण जोरात चालतात, म्हणून सायकलला फेरे वाढवावे लागतात. इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेतं, म्हणून तिथे फेरे कमी करून जोर वाढवावा लागतो.

वाळूत चाक रुततं आणि स्वतःच केलेल्या खड्ड्यातून सारखं वर चढत राहतं. म्हणजे सपाट वाळूसुद्धा चाकाला चढच! म्हणून चालवणारे पुढचा एक दाता कमी करतात, १४ चे १३. नाहीतर मागचे तीन वाढवतात, ३८ चे ४१. भागाकार करून पाहा, दोन्हींचं उत्तर जवळजवळ सारखंच येईल. लहान चकतीचा एक दाता मोठीच्या तिनांना भारी पडतो! पण दाते फारच बदलले तर चाक जागच्या जागी फिरून आणखी खोल जातं. वाळूतही नेमकेपणा लागतोच. आपल्या सायकलचं अरुंद टायर तर कृष्णेच्या वाळूत कितीही दाते बदलले तरी रुतणारच. तिथे उतरून ढकलणं हेच शहाणपण!

आता दोन शब्द आईबाबांसाठी. मूल चढावर उतरलं तर लगेच त्याला नाजूक ठरवू नका. आधी सीटची उंची, टायरमधली हवा आणि साखळीचं तेल बघा. मग मागचे दाते मोजा. गिअरची महागडी सायकल घ्यायलाच हवी असं नाही. रोजचा रस्ता चढाचा असेल, तर सायकलवाल्याला मागची चकती मोठी बसवता येईल का ते विचारा. साखळीला एखाददोन कड्या वाढवाव्या लागतील, एवढंच. आणि हो, जो चढ आहे तोच परतताना उतार आहे. दात्यांआधी ब्रेक तपासा. पसरणी किंवा यवतेश्वर घाटात तर ब्रेक तपासल्याशिवाय सायकल घालूच नका.

तुमच्यासाठी काम : घरच्या सायकलचं मागचं चाक मोठ्या माणसाकडून उचलून धरा. चाकाला खडूची खूण करा. बोटं साखळीपासून लांब ठेवून पायडल सावकाश एक फेरा फिरवा आणि खूण किती वेळा वर येते ते मोजा. मग दोन्हीकडचे दाते मोजून भागाकार करा. जुळतंय का?

सातारच्या ताईला एवढंच सांगा : तुझे पाय ठणठणीत आहेत. मागे फक्त चार दाते कमी पडतायत!