प्रयोगशाळा कीं पेढी ?

दहावीचा निकाल लागला म्हणजे घरोघरीं एकच चर्चा चालते : मुलानें वा मुलीनें विज्ञानाची कास धरावी, कीं वाणिज्य व अर्थव्यवस्थापनाची ? ही चर्चा करणाऱ्या पित्याच्या मनांत बहुधा दुसराच प्रश्न असतो : हें मूल घरीं चार पैसे केव्हां आणूं लागेल ? ह्या प्रश्नास क्षुद्र लेखण्याची रीत आहे. ती आम्हांस पसंत नाहीं. ज्या घरांत धाकटीं भावंडें शिकावयाचीं आहेत व कर्जाचा हप्ता महिन्याच्या महिन्यास भरावयाचा आहे, त्या घरानें हा प्रश्न विचारूं नये तर कोणी विचारावा ? मात्र त्याचें उत्तर वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या मोठ्या आंकड्यांवरून ठरवूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.

प्रथम विज्ञानाचा हिशेब पाहूं. संशोधक होऊं इच्छिणाऱ्यास बारावीनंतर पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पांच वर्षें, व पुढें पीएच. डी. साठीं आणखी सुमारें पांच वर्षें खर्चावीं लागतात. राष्ट्रीय परीक्षेंत निवड होऊन शिष्यवृत्ति मिळाली, तर जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरानें पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये व त्यापुढें ४२,००० रुपये मिळतात. सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणींत सहायक प्राध्यापकाचें मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतें. पण तें पद हातीं येईपर्यंत बहुधा तिशी आलेली असते, आणि जागा थोड्या व उमेदवार फार!

इकडे पदवीनंतर दोन वर्षें व्यवस्थापनशास्त्र शिकलेला तरुण पंचविशीच्या आसपासच मिळवता होतो, आणि नामांकित संस्थेंतून निघालेल्याचें पहिलें वेतन संशोधकाच्या शिष्यवृत्तीच्या कितीतरी पट असतें. हें मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे. परंतु त्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षेस सुमारें तीन लाख उमेदवार बसतात. निवड होते थोड्या हजारांची. अहमदाबादच्या संस्थेंत दोन वर्षांचें शुल्कच वीस लाखांहून अधिक आहे. चार्टर्ड अकाउंटंटची वाट पुष्कळ स्वस्त, पण तिच्या अंतिम परीक्षेंत उत्तीर्णांपेक्षां अनुत्तीर्णच नेहमीं अधिक. शिवाय पेढी मोठी म्हणजे चाकरी पक्की, असेंही नाहीं. १५ सप्टेंबर २००८ रोजीं अमेरिकेंतील लेहमन ब्रदर्स ही दीडशे वर्षांहून जुनी पेढी बुडाली, तेव्हां तिच्या हजारों नोकरांची शाश्वति एका दिवसांत संपली.

ह्या दोन्ही वाटा स्वतः चाललेला एक पुरुष आपल्या देशांत होऊन गेला. १९०७ सालीं अठरा वर्षांचे चंद्रशेखर वेंकट रामन सरकारी अर्थखात्याची परीक्षा देऊन कलकत्त्यास हिशेबखात्यांत अधिकारी झाले. त्या काळीं विज्ञानावर पोट भरण्याजोगी जागा मिळणें दुर्घट होतें. त्यांनीं पगार नाकारला नाहीं. पण कचेरीपूर्वीं सकाळीं व कचेरी सुटल्यावर रात्रीं ते बोबाजारांतील विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेंत जात राहिले, आणि हा क्रम त्यांनीं कित्येक वर्षें चालविला. १९१७ सालीं कमी वेतन पत्करून ते कलकत्ता विद्यापीठांत प्राध्यापक झाले. २८ फेब्रुवारी १९२८ चा त्यांचा शोध आणि १९३० चें नोबेल पारितोषिक सर्वांस ठाऊक आहे. त्यामागील तीं वर्षें मात्र फारसें कोणी आठवीत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही रामन व्हाल असें आमचें म्हणणें नाहीं. पण पगार कोणी देत नसतांही तुम्ही कोणत्या कामांत रमतां, हें एकदां नीट पाहा. जमाखर्चाचा मेळ बसल्यावर ज्यास खरा आनंद होतो, त्यानें निःशंक वाणिज्याकडे वळावें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. ज्याचें मन अजून ठरत नाहीं पण गणित व विज्ञान ज्यास झेपतें, त्यानें हें ध्यानांत धरावें कीं विज्ञानाच्या पदवीधरास पुढें व्यवस्थापनाचें दार उघडें असतें. वाणिज्याच्या पदवीधरास मात्र पदार्थविज्ञानाकडे परतणें फार कठीण जातें.

आणि पालकांस आमची विनंति ही : घरची स्थिति मुलांपासून लपवूं नका. घर किती वर्षें वाट पाहूं शकेल, हें त्यांस स्पष्ट सांगा, आणि मग त्यांचें म्हणणें ऐका. जी निवड दोघांनीं मिळून हिशेब मांडून केली, तिच्यांत पैसा थोडा कमी पडला तरी एकमेकांस दोष देण्याची पाळी येत नाहीं.