फिलिस फ्रेलिक आणि ‘यात अभिनय तो कोणता?’ हा आक्षेप

कर्णबधिर अभिनेत्रींचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास पुढे येतो: कर्णबधिर स्त्रीने कर्णबधिर स्त्रीच उभी केली, यात अभिनय तो कोणता? मित्रहो, हा आक्षेप घेणाऱ्यांनी फिलिस फ्रेलिक यांची कारकीर्द एकदा पाहावी.

जन्म १९४४, अमेरिकेतील नॉर्थ डकोटा. आईवडील कर्णबधिर, नऊही भावंडे कर्णबधिर. घराची भाषाच हातांची. (अशा माणसांना आपण आजही बेधडक ‘मूक’ म्हणतो!) १९६७ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल थिएटर ऑफ द डेफ’च्या त्या संस्थापक सदस्य.

कर्णबधिर नटीसाठी भूमिकाच नाहीत, असे त्यांनी नाटककार मार्क मेडॉफ यांना सांगितले. मेडॉफ यांनी त्यांच्यासाठी नाटकच लिहिले: ‘चिल्ड्रेन ऑफ अ लेसर गॉड’. १९८० मध्ये ते ब्रॉडवेवर आले आणि त्याच वर्षी फ्रेलिक यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा टोनी पुरस्कार मिळाला.

आता त्यातील नायिका सारा पाहा. आई ऐकू येणारी, बाप घर सोडून गेलेला. तोंडाने बोलण्यास ठाम नकार देणारी, संतापाने धुमसणारी मुलगी. फ्रेलिक यांच्या भरल्या घराशी तिचे साम्य ते काय? ऐकू न येणे, एवढेच. तो संताप, ते एकाकीपण त्यांना रंगमंचावर निर्माण करावे लागले. शिवाय साराचे बरेचसे संवाद नायक जेम्स मोठ्याने बोलून दाखवतो. प्रेक्षकांच्या कानी पुरुषाचा आवाज पडत असताना नजर मात्र तिच्यावर खिळवून ठेवायची, हे अभिनयाविना साधते काय?

आणि ऐकू येणाऱ्या कलावंतांनी कर्णबधिर पात्रे रंगवली, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला? ‘जॉनी बेलिंडा’साठी जेन वायमन यांना ऑस्कर, ‘कोशिश’साठी संजीव कुमार यांना राष्ट्रीय पुरस्कार. दोन्ही वेळा तो थोर अभिनयच ठरला. म्हणजे दुसऱ्याचे जगणे उसने घेतले तर ती कला आणि स्वतःच्या भाषेत परके पात्र घडवले तर तो केवळ योगायोग! हा न्याय अजब आहे.

१९८६ मध्ये नाटकाचा चित्रपट झाला. साराची भूमिका मार्ली मॅटलिन यांनी केली, वयाच्या एकविसाव्या वर्षी ऑस्करही मिळवले आणि ते योग्यच होते. मात्र बहुतेक इतिहासकथन तेथूनच सुरू होते. तोवर फ्रेलिक यांच्या टोनीला सात वर्षे होत आली होती आणि ‘लव्ह इज नेव्हर सायलेंट’ या १९८५ च्या दूरचित्रवाणीपटासाठी त्यांना एमीचे नामांकनही मिळून गेले होते.