मार्ग लोकांचा, मग गाडी कुणाचीही

बेस्टची बससेवा तोट्यात, सरकारी नियोजन गोगलगायीच्या चालीने; तेव्हा वाहतूक बाजारावर सोडा, गिऱ्हाईक तिथे गाडी आपोआप येईल, असं मुंबईच्या पवईत हल्ली सर्रास ऐकू येतं. या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. 1986 साली सरकार, महानगर प्राधिकरण आणि विकासक यांच्यात पवईचा त्रिपक्षीय करार झाला. घरं 40 आणि 80 चौरस मीटरची असावीत, इथवर त्यात ठरलं. पवईतून जाणाऱ्या मेट्रो 6 चं काम सुरू व्हायला मात्र पुढे तीन दशकं उलटली. लोकलसाठी पवईकर आजही कांजुरमार्ग नाहीतर विक्रोळी गाठतो. हा दोष नियोजनवाल्यांनी पदरात घेतलाच पाहिजे.

पण बाजाराने तरी काय केलं? ऑफिसच्या वेळेला ॲपवर सीट बुक करा, एसी बस हजर. सोय उत्तमच. मात्र रात्री उशिरा पाळी संपवून निघालेला वॉचमन किंवा फुलेनगरच्या वस्तीतून चार घरची कामं करायला येणारी बाई त्या हिशेबात बसत नाही. शेअर रिक्षा तीन सीट भरल्याशिवाय हलत नाही. दुपारी एकटी बाई मागे बसून राहते आणि रिक्षावाला बाहेर उभा राहून गिऱ्हाईक हाकारतो. बाजाराला मागणी दिसते ती खिशात पैसे असलेल्यांचीच. गर्दीच्या तासांची कमाई खासगीवाल्यांची, रिकाम्या फेऱ्या बेस्टच्या, आणि वर तोट्याबद्दल बोलणीही तिलाच! जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर सरकारी पैसा ओतला, त्याचा नफा कधी कुणी विचारला?

ब्रिटनने हा प्रयोग करून पाहिला आहे. 1986 साली लंडनबाहेरच्या बस बाजारावर सोडल्या. लंडनने मार्ग, भाडं आणि वेळापत्रक आपल्या हाती ठेवलं, गाड्या तेवढ्या टेंडरने चालवायला दिल्या. लंडनचे प्रवासी वाढले, बाहेरचे घटले. अखेर 2023 पासून मँचेस्टरनेही लंडनचाच रस्ता धरला.

“बेस्टच्याही बहुतेक बस कंत्राटावरच आहेत की!” असं कुणी म्हणेल. आहेत, पण ऑगस्ट 2023 मध्ये कंत्राटी ड्रायव्हर पगारासाठी संपावर गेले आणि बस डेपोत अडकल्या. स्वतःचा ताफा आटला की कंत्राटदारावर वचक राहत नाही. टेंडर काढल्याने जबाबदारी संपत नाही.

म्हणून मार्ग, भाडं, वेळापत्रक सार्वजनिक हाती हवं. बेस्टचा स्वतःचा भक्कम ताफा हवा. त्यावर खासगी गाड्या खुशाल चालाव्यात, पण फेरी चुकली की दंड ठरलेला. आणि नियोजनवाल्यांनाही मोकळं सोडू नये: कुठल्या मार्गावर किती फेऱ्या ठरल्या, किती झाल्या, याचा हिशेब दर महिन्याला डेपोच्या फलकावर लागलाच पाहिजे. मेट्रो 6 सुरू होईल तेव्हा लोकल रेल्वेची, मेट्रो प्राधिकरणाची आणि बस बेस्टची असेल. या तिघांना एका टेबलाशी बसवून कांजुरमार्गच्या शेवटच्या लोकलला जोडणारी बस ठरवून घेणं हे काम कुठलाही बाजार करणार नाही. ते सरकारचंच काम आहे, आणि उद्घाटनाची फीत कापण्याआधी ते झालं पाहिजे.