गोळीमागील संगणकाची परीक्षा

थायरॉइडच्या विकारासाठी आपल्या घरातील कोणी सकाळी उपाशीपोटी जी चिमुकली गोळी घेते, तिच्यात प्रत्यक्ष औषध किती असते? अनेकदा अवघे २५ किंवा ५० मायक्रोग्रॅम; म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाख भागांपैकी २५ किंवा ५०. बाकी सारी पूरक द्रव्ये. हा कणभर अंश हजारो गोळ्यांत सारखा वाटला जावा, म्हणून तोलण्यापासून मिसळण्यापर्यंतच्या कामांवर आज अनेक कारखान्यांत संगणकाचा पहारा असतो. मग या पहारेकऱ्याची परीक्षा कशी घेतली जाते, हे आपण जाणून घ्यायला हवे.

कारखान्यात संगणकप्रणाली एकच नसते. कामगारांच्या रजा नोंदवणारी एक, तर इंजेक्शने निर्जंतुक करणारे यंत्र चालवणारी दुसरी. दोहोंना एकाच मापाने तपासले, तर कागदांचे ढीग वाढतात आणि महत्त्वाच्या जागी लक्ष अपुरे पडते. म्हणून तज्ज्ञ प्रत्येक प्रणालीबाबत तीन प्रश्न विचारतात. ती चुकली तर रुग्णाला कितपत इजा होईल? चूक घडण्याचा संभव किती? आणि घडलीच, तर औषध बाहेर जाण्यापूर्वी ती ध्यानात येईल का?

यांतील तिसरा प्रश्न सर्वांत मार्मिक. तुटलेली गोळी डोळ्यांना दिसते. निर्जंतुक न झालेले इंजेक्शन मात्र शुद्ध इंजेक्शनाइतकेच नितळ दिसू शकते. हजारो कुप्यांपैकी मोजक्या तपासून तो दोष हाती लागेलच असे नाही. वाफेने निर्जंतुक करताना सामान्यतः १२१ अंश सेल्सिअस तापमान किमान १५ मिनिटे टिकावे लागते. म्हणून तेथील प्रणालीला मुद्दाम अडचणीत टाकून पाहतात. मध्येच वीज गेली तर काय होते? तापमान घसरल्यास इशारा मिळतो का? अधिकार नसलेल्या माणसाला नोंद बदलता येते का?

औषधनिर्मितीतील जोखीम-व्यवस्थापनाचे हे सूत्र २००५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मांडले गेले. भारतानेही डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित केलेल्या सुधारित ‘शेड्यूल एम’मध्ये त्याला स्थान दिले. मात्र जोखीम पाहून परीक्षा घेणे म्हणजे परीक्षेतून सूट देणे नव्हे. ‘येथे धोका कमी’ असे म्हणणाऱ्याने त्याचे कारणही लिहून ठेवले पाहिजे.

आपल्या हाती काय आहे? औषधाचा बॅच क्रमांक जपा. वजन, तापमान, वेळ अशा कारखान्यातील नोंदी त्याच क्रमांकाशी बांधलेल्या असतात. स्ट्रिपमधून सुट्या गोळ्या घेताना बिल मागा आणि त्यावर तो क्रमांक आहे ना, हे पाहा. १ ऑगस्ट २०२३ पासून निवडक ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो मोबाइलवर तपासा. विपरीत परिणाम जाणवल्यास औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा, तसेच १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर कळवा. कारखान्यातील परीक्षेतून निसटलेली चूक कधी कधी आपल्या अशा एका नोंदीमुळेच उघडकीस येऊ शकते.