तेरा-सहा, दोनदा!

शुक्रवारी ऑफिसवाल्या मित्रांसोबत पूल खेळायला गेले की मी हमखास हरते. आणि खापर फोडते ते बाजूच्या टेबलवरच्या कलकलाटावर. म्हणून मला शेन व्हॅन बोनिंग जाम आवडतो. अमेरिकेच्या या पठ्ठ्याला जन्मापासून कमी ऐकू येतं. हिअरिंग एड लावतो आणि खेळताना कधीकधी ते चक्क बंद करून टाकतो. झाली शांतता!

नाइन-बॉलच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल तो २०१५ मध्ये दोह्यात हरला, ११-९. ठीक आहे, थोडक्यात हुकली. २०१६ मध्ये पुन्हा दोहा, पुन्हा फायनल. समोर ऑस्ट्रियाचा अल्बिन ऊशान. या वेळी थेट धुलाई, १३-६. आपल्याला सलग दोनदा प्रमोशन नाकारलं असतं तर? मी तर रेझ्युमे अपडेट करायला घेतला असता.

मग उजाडलं २०२२. इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स, फायनलला पुन्हा तोच ऊशान, तोही गतविजेता म्हणून आलेला. निकाल? १३-६. फक्त या वेळी तेरा रॅक शेनचे होते.

येत्या शुक्रवारचं टेबल बुक केलंय. कलकलाट असणारच. कानात कापूस घालून बघते.