हौदा मोजता, केबिन कोण मोजणार?



परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "मामा, १.७ घेऊ का २.०? उद्या बुकिंग करायचंय, फायनान्सवाला तयार आहे." पोरगं चोवीस वर्षांचं. घरचा दोन एकर टोमॅटो, शिवाय वस्तीवरच्या चार जणांचा माल मार्केटला न्यायचा धंदा डोक्यात. मी विचारलं, किती कॅरेट भरणार? तर म्हणतो, "सगळे दीडशे भरतात, आपण एकशेतीसच्या वर जायचं नाही." आणि हा आमच्या घरातला शहाणा!

फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना गाडी घ्यायचीय त्यांनी तरी पूर्ण वाचा. बाकीच्यांनी शिव्या द्यायला शेवटी या.

आधी हिशोब. टोमॅटोचं कॅरेट २० किलोचं, रिकाम्या कॅरेटसकट धरा २२. गाडीचं पासिंग १.७ टन असेल तर कॅरेट बसतात ७७. दोन टनवाली घेतली तर ९०. संपलं. तेरा कॅरेटचा फरक. एकशेतीस कॅरेट म्हणजे २,८६० किलो. दोन टनवालीतही ते साडेआठशे किलोंनी जास्त होतात, १.७ वालीत साडेअकराशेनी. मग भाच्या, तू १.७ आणि २.० यातलं काहीच निवडत नाहीयेस. तू तीन टनाची गाडी दोन टनाच्या पैशात मागतोयस, आणि ती कुठल्याच शोरूममध्ये मिळत नाही.

मिळत नाही म्हणून आपण ती बनवून घेतो. गाडी शोरूममधून निघते ती थेट गॅरेजला. मागे दोन-दोन पाटे चढवायचे, टायर जाड टाकायचे, हौद्याला वर जाळी मारायची. विकणारा पोरगाही हळूच सांगतोच, "दादा कागदावर आहे तेवढं आहे, पण ओढायला तीन टन ओढते." ओढते हो. ओढण्याबद्दल तक्रार कोणाची आहे? इंजिन ओढेलच. थांबवायचं कोणी?

इथे मी माझंच सांगतो, म्हणजे दुसऱ्याला अक्कल शिकवतो असं होणार नाही. माझी सुरुवात छोट्या हत्तीवर झाली. टाटा एस २००५ साली आली तेव्हा साडेसातशे किलोची ती गाडी बघून म्हातारी माणसं हसायची. पण तिने आमच्या भागात काय केलं ते आम्हाला माहीत आहे. टेम्पोवाल्याच्या पाया पडणं संपलं. पुढे मोठं पिकअप घेतलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक गाडीची नव्हती. पाटे चढवले आणि पाच-सहा वर्षं एकशेचाळीस कॅरेट भरून वाशीला गेलो. एका पावसाळ्यात पहाटे माळशेज उतरताना पेडल दाबलं तर गाडी थांबायच्या ऐवजी पुढून दबली, मागून हलकी झाली आणि आडवी व्हायला लागली. पुढच्या चाकांतून जळका वास. नशिबाने डोंगराच्या बाजूच्या गटारात गेलो. दुसऱ्या बाजूला गेलो असतो तर ही पोस्ट लिहायला मी नसतो. कॅरेट गेली, पुढचा भाग गेला, सोबत बसलेल्या शेजाऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तो आजही माझ्याशी चांगलं बोलतो, हे त्याचं मोठेपण.

कारण नंतर एका जुन्या मिस्त्रीने समजावलं. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. माल भरला की पाटे दबतात, हौदा आणि एक्सल यांतलं अंतर कमी होतं, त्यावरून तो व्हॉल्व्ह ओळखतो की वजन आहे, आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक सोडतो. रिकाम्या गाडीला कमी सोडतो, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरू नये. आता आपण पाटे चढवले. तीन टन भरूनही मागचा भाग दबत नाही, आपण खूश, "बघ, अजिबात बसली नाही!" आणि तो व्हॉल्व्ह समजतो की गाडी रिकामी आहे. घाटात तीन टनांचा सगळा भार पुढच्या ब्रेकवर. ज्याला आपण मजबुती म्हणून तीन-चार हजार मोजतो, ती ब्रेक काढून घ्यायची मजुरी असते. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. गॅरेजवाल्याने नाही, विकणाऱ्याने नाही, पासिंगच्या वेळी कोणी वाकून बघितलं नाही.

असो. आता गाड्यांचं.

सगळे विचारतात क्वालिटी कोणाची भारी. खरं सांगू? या वर्गातल्या गाड्या आता फार वाईट कोणाच्याच नाहीत. बोलेरो पिकअप सगळ्यात जास्त खपते ती उगाच नाही. गावातला कुठलाही मिस्त्री खोलतो, पार्ट तालुक्याला मिळतो, पाच वर्षांनी विकायला काढली तर गिऱ्हाईक दारात येतं. योद्धा घ्या, पत्रा दणकट आहे, २०२२ पासून तीही दोन टनात आहे. तुमचा माल टनभरच असेल तर दोस्त किंवा इंट्रा घ्या, हप्ता कमी, डिझेल कमी, गल्लीत वळते. आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही: ज्या मालगाडीचं एकूण वजन ३,००० किलोंच्या आत आहे तिला मोटार वाहन कायद्यात परमिटच लागत नाही. मोठीला लागतं. पैसा वसूल काढताना हे धरलं का कोणी?

हौद्याचंही तसंच. नऊ फुटी की दहा फुटी, यावर पोरं तासभर भांडतात. अरे, तुझा माल काय ते बघ. कोथिंबीर, मेथी, झेंडू, फ्लॉवर असेल तर मोठा हौदा घे, जागा भरते पण वजन भरत नाही. टोमॅटो आणि कांद्याला मोठा हौदा म्हणजे संकटाला निमंत्रण. वजन संपतं तेव्हा हौदा अर्धा रिकामा दिसतो, आणि रिकामा हौदा आपल्या लोकांना बघवत नाही.

दंडाचं तर बोलायलाच नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. एकदा सापडला तर महिन्याचा हप्ता गेला. "सापडत नाही मामा, सेटिंग असतं." बरं. मग सेटिंगचे पैसेही वहीत लिही. टायर लिही. माझ्या वहीत आहे, पासिंगात चालवायला लागल्यापासून टायरचा जोड जवळपास दीडपट चालतोय. क्लच बदललेला नाही. प्रत्येक खेपेला चाळीस-पन्नास कॅरेटचं भाडं सोडलं, ते दिसतं. जे वाचलं ते दिसत नाही, म्हणून कोणी मोजत नाही.

पण मला खरं भांडण करायचंय ते वेगळंच आहे.

मंडळी, तीस लाखांच्या घरातली टोयोटा हायलक्स बघितलीय का? तीही पिकअपच. लांबी पाच मीटरच्या वर, आपल्या मोठ्या पिकअपच्या आसपास. मागे माल किती? कागदावर अर्धा टनही नाही. आठवड्याला एकदा फार्महाऊसवर दोन सायकली आणि एक कुत्रा नेणारी गाडी. तिला एअरबॅग किती? सात. आणि जी गाडी रोज रात्री दोन टन (खरं म्हणजे तीन) घेऊन घाट उतरते, पुढे ड्रायव्हर, शेतकरी आणि त्याचा पोरगा असे तिघे खांद्याला खांदा लावून बसलेले, तिच्या बहुतेक मॉडेलांत एकही नाही. माझा हायलक्सवाल्यावर राग नाही, त्याने पैसे मोजले. राग आहे तो आपला जीव कुठल्या रकान्यात टाकलाय त्यावर.

कायदाच तसा आहे. प्रवासी गाड्यांना २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. मालगाड्यांना नाही. २०२३ ला भारत एनकॅप आलं, टक्कर चाचणी करून गाड्यांना तारे मिळायला लागले. तेही प्रवासी गाड्यांनाच. म्हणजे आपण दहा लाख मोजून पिकअप घेतो आणि तिची केबिन समोरून धडकल्यावर किती चेपते हे विचारायची सोयच नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला, चांगलं केलं, ड्रायव्हर माणूस आहे हे मान्य केलं. पण तो साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना. आरसी काढून बघा, १.७ वाल्या बहुतेक गाड्यांचं एकूण वजन त्या रेषेच्या जरासं आत आहे. मे महिन्यात वाशीच्या गेटवर चार तास रांगेत उभा राहणारा पिकअपवाला माणसात मोजायचा राहिला.

म्हणाल, किंमत वाढेल, शेतकऱ्याला परवडणार नाही. हे ऐकून कान किटले. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कराआधी आठ लाखांची गाडी असेल तर ८० हजार रुपये कमी झाले. त्यातून एक एअरबॅग बसत नव्हती? गडकरी साहेबांनीच २०२२ मध्ये संसदेत एका एअरबॅगचा खर्च ८०० रुपये सांगितला होता. कंपन्या म्हणतात सेन्सर, वायरिंग धरून कितीतरी जास्त लागतात. लागू द्या. दहापट लागू द्या. जाळी मारायला आणि मागे "आईचा आशीर्वाद" लिहायला आपण त्याहून जास्त घालतो. आणि जमत नाही म्हणावं तर २०२४ ला आलेल्या महिंद्रा वीरोच्या काही मॉडेलांत ड्रायव्हरची एअरबॅग आहे. याच वर्गातली मालगाडी, आपल्याच देशातली कंपनी. म्हणजे जमतं. सक्ती नाही म्हणून सगळे करत नाहीत, आणि आपण मागत नाही म्हणून सरकार सक्ती करत नाही. शोरूममध्ये आपण काय मागतो? म्युझिक सिस्टीम, सीट कव्हर, देवाचा दिवा.

अजून एक, आणि हे लिहिताना हात जड होतो. ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार. खेड तालुक्यात कुंडेश्वरच्या दर्शनाला निघालेल्या बायका पिकअपमध्ये उभ्या होत्या. चढावर ताबा सुटला आणि गाडी खाली गेली. कितीतरी घरातली आई, सासू, सून त्या दिवशी परत आली नाही. आपल्या शेजारचा तालुका. त्यानंतर आठवडाभर आपण सगळ्यांनी श्रद्धांजलीच्या पोस्ट टाकल्या. नवव्या दिवशी मी स्वतः नाक्यावर उभा राहून मोजलं, सकाळी सात ते आठ या वेळात टोमॅटो तोडायला जाणाऱ्या बायका भरलेली सहा पिकअप गेली. सहा.

मला ठाऊक आहे, एसटी येत नाही. आली तर शेतापर्यंत जात नाही. मजूर बायकांनी पाच किलोमीटर चालत यायचं का? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर फक्त दंड करून मिळणार नाही. देवस्थानांनी आणि डेपोने श्रावणात जादा गाड्या ठेवायला काय हरकत आहे, हे ग्रामसभेत कोणी विचारत नाही. पण गाडीमालकांनो, तुम्हाला एक सांगतो. मालगाडीत फुकट किंवा भाडं देऊन बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच आशा राणी खटल्यात सांगून ठेवलंय. मालासोबत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस असेल तर विमा आहे. तोडणीच्या बायकांना नाही, देवाला निघालेल्यांना नाही. कोर्टाने कंपनीला आधी भरायला लावलं तरी नंतर ती तुमच्याकडून वसूल करते. म्हणजे त्या बाईच्या घरच्यांना हेलपाटे, आणि तुमचा सातबारा टांगलेला. दहा लाखांची गाडी घेताना हे ज्याने समजावलं असा एक एजंट मला दाखवा, त्याचा सत्कार मी करतो.

आता कॉमेंटमध्ये येतील, "मामा आता म्हातारे झाले, घाबरतात." हो, घाबरतो. माळशेजला त्या दिवशीपासून घाबरतो.

भाच्याने बुकिंग दोन दिवस पुढे ढकललंय. उद्या सकाळी त्याला माझ्या गाडीवर घेऊन जाणार आहे. आधी ७७ कॅरेट भरून काट्यावर, मग त्याच्या हट्टाखातर १३० भरून काट्यावर, दोन्ही पावत्या त्याच्या हातात देणार. मग मोकळ्या उतारावर दोन्ही वेळा त्यालाच ब्रेक मारायला लावणार. रस्ता रिकामा बघून, हळू वेगात, काळजी नसावी. त्यानंतर कुठली घ्यायची ती त्याची त्याने घ्यावी. पावत्यांचे फोटो इथेच टाकतो.