कर्ज सर्वांच्या नावावर, नळ कुणाच्या दारात?

जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर राज्यातील महापालिकांमध्ये पुन्हा लोकनियुक्त सभागृहे आली आहेत. तिजोरीत खडखडाट आणि कामांची यादी लांबलचक, त्यामुळे पाणी, मलनिस्सारण, रुग्णालये यांच्यासाठी कर्जरोखे काढण्याचे प्रस्ताव या सभागृहांपुढे येत राहणार. असे विषय ‘तांत्रिक’ म्हणून पाच मिनिटांत मंजूर होतात. आपले नगरसेवकही हात वर करतात आणि वस्तीत येऊन गटाराचे झाकण बदलल्याचा फलक लावतात. सार्वजनिक वित्त हा ज्यांच्या कोलंबिया विद्यापीठातील प्रबंधाचा विषय होता, त्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी अर्थसंकल्पाचे पान उलटायला घाबरावे, हे शोभणारे नाही.

कर्जरोखे म्हणजे काय? महापालिका बाजारातून कर्ज उचलते आणि ठरलेल्या व्याजाने परत करते. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले. व्याज ७.५९ टक्के, मुदत १० वर्षे. म्हणजे वर्षाला १५ कोटी १८ लाख, दिवसाला सुमारे ४ लाख १६ हजार रुपये केवळ व्याजाचे. परतफेडीची हमी म्हणून मिळकतकराचा पैसा आधी वेगळ्या राखीव खात्यात जमा होतो. गुंतवणूकदाराचा हप्ता पहिला, बाकी सारे नंतर.

पुढे काय झाले? निविदा फुगवल्याचे आरोप झाले, त्या रद्द करून नव्याने काढाव्या लागल्या. पैसा हाती आला होता, पण काम सुरू नव्हते आणि व्याजाचे मीटर मात्र चालू होते. केंद्राच्या अमृत योजनेत रोखे काढणाऱ्या शहराला दर १०० कोटींमागे १३ कोटींचे प्रोत्साहन होते. ते रोखे काढल्याबद्दल होते, पाणी वस्तीत पोचल्याबद्दल नव्हे! पिंपरी-चिंचवडने २०२३ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले, तेव्हा तर सभागृहच अस्तित्वात नव्हते. प्रशासकाने ठरवले आणि कर्ज झाले. कर्ज ज्यांच्या माथी, त्यांचा एकही प्रतिनिधी तेथे नव्हता.

‘झोपडपट्टीवाले कर कुठे भरतात?’ असे प्रस्थापित विचारतात. भाडेकरूच्या भाड्यात घरमालकाचा मिळकतकर असतो. साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक खरेदीवर गरीब माणूस जीएसटी भरतो, आणि जकात गेल्यापासून महापालिका त्याच कराच्या अनुदानावर उभ्या आहेत. तेव्हा हे कर्ज फेडणाऱ्यांत आपण आहोतच.

याच हक्काचा लढा महाडला झाला. रावबहादूर सी. के. बोले यांचा ४ ऑगस्ट १९२३ चा ठराव सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व राखलेल्या पाणवठ्यांविषयी होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ते पाणी प्यायले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला! शेवटी १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. नगरपालिकेचा ठराव आणि हातातले पाणी यांत किती अंतर असते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक?

रोख्यांना आमचा सरसकट विरोध नाही. तीस-चाळीस वर्षे चालणारी जलवाहिनी एका वर्षाच्या करातून टाकता येत नाही, आणि तिची सर्वाधिक गरज वस्तीलाच आहे. म्हणूनच आपल्या नगरसेवकांनी अटी घालाव्यात. ज्या वस्त्यांना लाभ होणार त्यांची नावे, नळजोडांची संख्या व तारीख ठरावातच लिहा. जागा ताब्यात व निविदा अंतिम झाल्याशिवाय रोखे काढू नका. हप्ता भागवण्यासाठी वस्तीची पाणीपट्टी वाढवू नका. गुंतवणूकदाराला जो नियमित हिशेब द्यावा लागतो, तोच मराठीतून प्रत्येक प्रभागात लावा.

हे मागणे भीक नव्हे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा, दुर्बल घटकांचे हितरक्षण आणि झोपडपट्टी सुधारणा ही नागरी संस्थांची कामे म्हणून नोंदली आहेत. गुंतवणूकदाराचा हक्क करारात लिहिलेला असतो, म्हणून तो बुडत नाही. वस्तीचा हक्क भाषणात असतो, म्हणून तो बुडतो. तो ठरावात लिहून घ्या.

शिकलेल्या तरुणांनी प्रस्तावाची प्रत माहिती अधिकारात मागवावी, विहारात तिचे वाचन करावे आणि मतदानाच्या दिवशी सज्जात जाऊन बसावे. कोणाचा हात कशासाठी वर झाला, हे समाजाला कळलेच पाहिजे.